दोन टन चिखल आणि एक भागाकार

मंगळवार, सकाळ

तीर्थरूप बाबांस,

साष्टांग नमस्कार.

आपली प्रकृती, त्यातही डावा खांदा आणि रक्तदाब, उत्तम असेल अशी आशा आहे, आणि हे पत्र वाचून संपेपर्यंत ती तशीच राहो अशी इच्छा आहे. इकडे सर्व क्षेम. तुमची लेक बरी आहे. आई बऱ्या आहेत. (आई खरोखरच बऱ्या आहेत हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहावं असं तुमच्या लेकीने बजावलं आहे, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही खुर्चीतून उठणार नाही.) शिंका तीन दिवस होत्या, त्या आता थांबल्या. कानातली माती डॉक्टरांनी काढली.

तीन आठवड्यांपूर्वी आई फोनवर तुम्हाला "सगळं ठीक आहे, ठेवते" एवढंच म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी इतक्या कमी शब्दांत फोन कधी ठेवला नव्हता, म्हणून तुम्ही लगेच मला फोन करून काय झालं ते विचारलंत आणि मी "लेखी कळवतो" म्हणालो. मी टाळत होतो असं कृपया समजू नये. तुम्ही एकतीस वर्षं सरकारी बॉयलर तपासलेत. तोंडी सांगितलेलं तुम्ही तपासणीत धरत नाही, हे मला सोयरीक जमायच्या आधीपासून माहीत आहे. तर हा घ्या लेखी जबाब.

आमच्या कारखान्यात (कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन वेल्डिंग मशीन, मालक, मिस्त्री आणि मी) वस्तू तापवायच्या टाक्या बनतात. आजवर आम्ही तेल तापवलं, डिंक तापवला, साबणाचा लगदा तापवला, एकदा तर मेंढीच्या लोकरीतून निघणारी चरबी तापवली (त्या महिन्यात तुमची लेक माझ्याशी दाराबाहेरून बोलत असे). यंदा पहिल्यांदाच माणसं तापवायचं काम आलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला सांधेदुखीवर उपचार करणारं एक केंद्र नव्याने सुरू होणार होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कुठल्याशा समुद्रकाठचा औषधी चिखल पिंपांत भरून मागवला होता. त्यांना एक टाकी हवी होती. तीन माणसं गळ्यापर्यंत बसतील एवढी मोठी, दोन टन चिखल मावणारी, आणि सकाळी आठला बटण दाबलं की दहा वाजता चिखल वीस अंशांवरून चाळीस अंशांवर गेला पाहिजे. बस्स. काम सोपं होतं. मालकांनी ते माझ्यावर सोपवलं तेव्हा "हे तुझ्यासारख्याचं काम आहे" असं म्हणाले होते. आता ते तेच वाक्य वेगळ्या सुरात म्हणतात.

हीटर केवढा घ्यायचा ते ठरवायला एकच गोष्ट कळायला हवी होती, ती म्हणजे चिखलाची विशिष्ट उष्माधारकता. (हे तुमच्यासाठी नाही, पत्र शेजाऱ्यांनाही वाचून दाखवाल म्हणून लिहितो. एक किलो वस्तू एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तो तिचा आकडा.) पाण्याचा आकडा मला झोपेतही सांगता येतो. तुमच्या घरी मी पहिल्यांदा आलो तेव्हा तुम्ही नाव-गाव विचारायच्या आधी पाण्याची विशिष्ट उष्माधारकता विचारली होतीत, मी "कोणत्या एककात?" असं उलट विचारलं होतं, आणि तुम्ही आत वळून आईंना चहा टाकायला सांगितलं होतं. पण चिखलाचा आकडा कोणाला पाठ असतो? तो पिंपासोबत आलेल्या कागदावर छापलेला होता. शून्य पूर्णांक सहा. एकक मात्र ब्रिटिश थर्मल युनिट प्रति पौंड प्रति अंश फॅरनहाइट. आणि हीटर बनवणाऱ्याच्या फॉर्मवर चौकट होती ती किलोज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति केल्विन अशी. म्हणजे एका कागदावर पौंड आणि फॅरनहाइट, दुसऱ्यावर किलो आणि केल्विन, आणि मध्ये मी.

मी टप्प्याटप्प्याने जायचं ठरवलं. आधी सहाचा आकडा तुमच्या पिढीच्या एककात, म्हणजे किलोकॅलरी प्रति किलो प्रति अंश सेल्सिअसमध्ये आणला. पौंडाचे किलो केले, फॅरनहाइटचे सेल्सिअस केले, दोन फुलस्केप भरले, आणि उत्तर आलं शून्य पूर्णांक सहा. तुम्हाला यात काहीच नवल वाटणार नाही. दोन्ही एककं पाण्याला एक धरूनच बनलेली आहेत, तेव्हा आकडा तोच राहणार. मालकांना मात्र फार नवल वाटलं. त्यांनी दोन्ही फुलस्केप उजेडात धरून पाहिले आणि म्हणाले, "सकाळपासून बसून तू सहाचे सहाच केलेस?" मिस्त्री तिकडे तोंड फिरवून वेल्डिंगचा चष्मा पुसायला लागले. बाबा, माणसाचा आत्मविश्वास कुठे तडकतो ते सांगता येत नाही. माझा तिथे तडकला. पुढच्या टप्प्यात आकडा बदललाच पाहिजे, अशी काहीशी ईर्ष्या मनात शिरली.

त्यातच केल्विनचं प्रकरण उपटलं. मालक म्हणाले की सेल्सिअसचं केल्विन करायचं म्हणजे दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे, हे त्यांनी स्वतः शाळेत पाठ केलेलं आहे, तेव्हा ते कुठे मिळवलेस ते दाखव. मी म्हटलं, इथे मिळवायचे नसतात. इथे तापमान नाही, तापमानातला फरक आहे, आणि एक अंश सेल्सिअसचा फरक आणि एक केल्विनचा फरक एकच. ते म्हणाले, फॉर्मवर केल्विन लिहिलंय की नाही? मी म्हटलं, लिहिलंय. मग मिळव, ते म्हणाले. हे चार दिवस चाललं. या चार दिवसांत दुसरं काम झालं नाही. दोन गिऱ्हाइकं येऊन बसून गेली. त्यांतल्या एकाने मालकांची बाजू घेतली. शेवटी पाचव्या दिवशी मी मालकांना जिन्यावर नेलं. तिसऱ्या पायरीवर उभं केलं आणि सांगितलं, खालून मोजलं तर ही तिसरी पायरी. जमिनीखाली आणखी दोनशे त्र्याहत्तर पायऱ्या आहेत असं धरून तळापासून मोजलं तर हीच दोनशे शहात्तरावी. पण इथून वरच्या पायरीवर जायला पाय कितीदा उचलाल? मालकांनी पाय उचलला, वर ठेवला, बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि "हं" म्हणाले. गेल्या नऊ वर्षांत ते मला प्रथमच "हं" म्हणाले होते.

त्या "हं"नेच घात केला. मी जिन्यावरून उतरलो तो शिट्टी वाजवत. (मी शिट्टी वाजवत नाही, हे तुमची लेक सांगेल.) टेबलाशी बसलो, आणि उरलेला एकुलता एक टप्पा, म्हणजे किलोकॅलरीचे किलोज्यूल, उभ्या उभ्या म्हणतात तसा उरकून टाकला. एक किलोकॅलरी म्हणजे चार पूर्णांक एकशे शहाऐंशी सहस्रांश किलोज्यूल. हे मला माहीत होतं. म्हणजे गुणायचं. हेही मला माहीत असायला हवं होतं. पण डोक्यात असं आलं की किलोज्यूल हा किलोकॅलरीपेक्षा लहान, मग आकडाही लहान व्हायला हवा, आणि मी भागलं. लहान मापाने मोजलं की आकडा मोठा होतो, हे कापडाच्या दुकानातला माणूसही सांगेल. पण मी त्या दिवशी कापडाच्या दुकानात नव्हतो, विजयाच्या धुंदीत होतो. उत्तर आलं ०.१४३३. दशांशचिन्हापुढे चार आकडे पाहिले की शंका घ्यायची माणसाला लाज वाटते. त्यावरून हीटर निघाला शून्य पूर्णांक आठ किलोवॉटचा. सुरक्षिततेसाठी पंचवीस टक्के जास्त धरून मी एक किलोवॉटचा मागवला.

एकाच माणसाने मला अडवायचा प्रयत्न केला हे इथे नमूद करतो, कारण तुम्ही विचारणारच. हीटर आला तेव्हा मिस्त्रींनी तो खोक्यातून काढून तळहातावर ठेवला. मग टाकीकडे पाहिलं. मग परत हीटरकडे.

"साहेब, दोन टन चिखल ना?"

"हो."

"आमच्या घरी बादली यानेच तापते."

मी त्यांना खाली बसवून सविस्तर समजावलं. म्हटलं, मिस्त्री, पाणी फार हट्टी असतं, त्याला तापायला उष्णता खूप लागते. लोखंड थोडक्यात तापतं. प्रत्येक पदार्थाचा स्वभाव निराळा. या चिखलाचा स्वभाव गणिताने काढलेला आहे. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "असेल. बाहेरून आलेला आहे, शिकलेला असेल." आणि हीटर बसवायला घेतला. त्यांनी तो बसवला अतिशय सुबक, यात वाद नाही.

आता आईंचा संबंध येतो. आई आमच्याकडे आल्या होत्या गुडघ्यांसाठी, हे तुम्ही जाणताच. मीच त्यांना या टाकीबद्दल सांगितलं. जरा जास्तच सांगितलं. परिणामी आईंनी आमच्या इमारतीत, भाजीवाल्याकडे आणि दोन्ही जिन्यांवर सांगितलं की जावईबापूंनी माझ्या गुडघ्यांसाठी यंत्र बनवलंय. डॉक्टरीणबाईंनीही मोठ्या आदराने पहिल्या दिवशीच्या पहिल्या तिघांत त्यांचं नाव घातलं. उरलेले दोघे म्हणजे एक निवृत्त पोस्टमास्तर आणि एक शिवणकामाचा वर्ग चालवणाऱ्या बाई. तिघेही सकाळी पावणेदहाला केंद्रात हजर होते. मालक नवा शर्ट घालून फोटो काढायला आले होते. मिस्त्री त्यांची साखळीची पुली काढून न्यायला आले होते, कारण टाकी आत उतरवल्यापासून ती तुळईलाच लटकत राहिली होती. आठ वाजता मी स्वतःच्या हाताने बटण दाबलं होतं. दहा वाजता तबकडीवर चाळीस दिसत होते. (तबकडीवर मी मागितलेलं तापमान दिसतं, मिळालेलं नव्हे. ते पाहायला दुसरं बटण दाबावं लागतं. ते मी दाबलं नाही, कारण गरज वाटली नाही.) सेविका कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून होत्या, त्यांना काही कळायचा प्रश्न नव्हता. त्यांनी तिघांना हात धरून आत उतरवलं.

मग पोस्टमास्तर म्हणाले, "गार आहे."

आणि आई, गळ्यापर्यंत चिखलात, माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "छे! चांगली ऊब आहे."

बाबा, हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. शिवणवाल्या बाईंनी एकदा पोस्टमास्तरांकडे पाहिलं, एकदा आईंकडे, आणि आईंच्या चेहऱ्यावरची खात्री बघून त्याही म्हणाल्या की आहे, आहे, आतून लागतेय. पोस्टमास्तर एकटे पडले. दहा मिनिटांनी तेही "येतेय हळूहळू" असं काहीतरी पुटपुटले. तिघं अशी पस्तीस मिनिटं बसली. आईंचे ओठ हळूहळू जांभळे होत गेले आणि दात वाजायला लागले तेव्हा त्यांनी तोंड मिटून घेतलं. मालक फोटो काढत होते. मी अभिमानाने पाहत होतो. शेवटी डॉक्टरीणबाई आल्या, आईंच्या कपाळाला हात लावला, आत गेल्या, थर्मामीटर आणला आणि चिखलात खुपसला.

"साडेएकवीस," त्या म्हणाल्या. "सकाळी वीस होते. दोन तासांत तुमच्या यंत्राने नेमकं काय केलं?"

मी म्हटलं, "दीड अंश."

मालक माझ्या कानाशी लागून म्हणाले, "केल्विनमध्ये सांग त्यांना. दोनशे साडेचौऱ्याण्णव होतात."

मी त्यांच्या स्वागतकक्षातल्या टेबलाशी बसलो आणि एका जुन्या पावतीच्या पाठीवर सगळं गणित पुन्हा मांडलं. तीन ओळी लागल्या. सहा दशांश गुणिले चार पूर्णांक एकशे शहाऐंशी सहस्रांश, बरोबर अडीच. अडीच! पाण्याच्या निम्म्याहून थोडा जास्त, चिखलाचा असतो तेवढाच. मी लिहिलं होतं त्याप्रमाणे हा चिखल लोखंडाच्याही एक तृतीयांश उष्णतेत तापायला हवा होता. गुणायच्या जागी भागल्यामुळे आकडा साडेसतरा पटींनी लहान झाला होता. म्हणजे पंचवीस टक्के जास्त धरूनही दोन तासांचं काम अठ्ठावीस तासांचं, तेही उष्णता कुठेच निसटली नाही तर. टाकीला झाकण नव्हतं. ती अठ्ठावीस वर्षांतही तापली नसती.

मी उठलो, टाकीपाशी गेलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं की चूक चिखलाची नाही, हीटरवाल्याची नाही, मिस्त्रींची तर नाहीच नाही. मी गुणायचं तिथे भागलं. असं मोठ्याने कबूल करताना फार उदात्त वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही वाटलं नाही. पोस्टमास्तर फक्त "मी म्हटलं होतं" एवढं म्हणाले.

मग कळलं की बाकीचे दोघे कसेबसे निघाले, पण आईंना बाहेर येता येत नाहीये. गार चिखल घट्ट धरून ठेवतो, गरम सोडतो. (हे कोणत्याही तक्त्यात दिलेलं नाही.) दोघांनी ओढून पाहिलं. शेवटी मिस्त्रींनी पुलीला रुंद पट्टा लावला. किती भाराचा पट्टा घ्यायचा त्यासाठी आईंना वजन विचारावं लागलं. आईंनी सांगितलेला आकडा आणि पुलीच्या साखळीला जाणवलेला आकडा यांत तफावत होती, पण त्या दिवशी दुसऱ्या कोणाचे आकडे दुरुस्त करायच्या स्थितीत मी नव्हतो. मिस्त्रींनी आईंना इतकं अलगद वर घेतलं की मशीनच्या नाजूक भागालाही त्यांनी एवढं जपल्याचं मी पाहिलेलं नाही. वर लोंबकळताना आई एकदाच बोलल्या. "जावईबापूंना कोणी काही बोलू नका," असं त्या म्हणाल्या. मी तोंड फिरवलं. मालकांनी फोटो काढला. (तो माझ्याकडे आहे. पाठवत नाही.)

घरी येऊन आईंनी अंघोळीला सलग तीन बादल्या पाणी घेतलं, घोंगडी पांघरली आणि लेकीलाही "काही बोलू नकोस" असंच बजावलं. तुमची लेक मला खरंच काही बोलली नाही. दोन दिवस काहीच बोलली नाही. मालकांनी काढून टाकलं असतं तर बरं वाटलं असतं, पण ते रोज येऊन फक्त "गुण की भाग?" असं विचारत आणि जात.

नवा हीटर अठरा किलोवॉटचा मागवला. आकडा मी काढला, मग मिस्त्रींना काढायला लावला, मग उलट्या दिशेने मालकांना. तिघांचा जुळला तेव्हाच फॉर्म गेला. तो बसवला, झाकणही केलं. डॉक्टरीणबाईंनी एकच अट घातली, की आधी इंजिनीअरने बसायचं. मी बसलो. पूर्ण चाळीस मिनिटं. आई मुद्दाम आल्या होत्या, टाकीच्या कडेला स्टूल घेऊन बसल्या. कसं वाटतंय असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छान ऊब आहे. त्यांनी पदर खोचला, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घालून पाहिला. याबद्दल मला काहीही म्हणायचं नाही. थर्मामीटर चाळीसवर होता. आता त्या दिवसाआड जातात, गुडघा वाकतो, परवा त्या आमच्याकडचा जिना न थांबता चढल्या.

तर झालं हे असं आहे. आपण मला ज्या भरवशाने पोटची पोर दिलीत, त्याला माझ्याकडून एका भागाकाराचा धक्का बसला. त्याबद्दल आपण जे काही लेखी कळवाल ते मी मान खाली घालून वाचेन. आईंनी मात्र माझी लाज राखण्यासाठी साडेएकवीस अंशांच्या चिखलात पस्तीस मिनिटं हूं की चूं केलं नाही, हे उपकार मी या जन्मी फेडू शकणार नाही.

आपला नम्र,
जावई

ता. क. मालकांनी पाच टनांच्या मेणाच्या टाकीचं काम घेतलं आहे. मेणाचा आकडा मी काढला आहे. कागद सोबत जोडला आहे. आपण तो पेन्सिलीने तपासून शुक्रवारच्या आत परत पाठवलात तर बरं. खरं म्हणजे याचसाठी लिहायला बसलो होतो. पाठवण्यापेक्षा आपण स्वतःच आलात तर अधिक उत्तम. महिनाभर राहा. कारखान्यात आपल्यासाठी खुर्ची ठेवली आहे.

ता. क. २. पत्र आईंनी वाचायला मागितलं, दिलं. त्या सांगतात ते पुढे लिहितो आहे.

"याने लिहिलंय ते सगळं बरोबर आहे, शेवटचं सोडून. मी कोणाची लाज राखायला बसले नव्हते. मला उठताच येत नव्हतं. आणि ऊब आहे म्हटलं ते त्या पोस्टमास्तरांमुळे. पावणेदहापासून तो माणूस जे बोलेल ते मला पटत नव्हतं, त्याने गरम म्हटलं असतं तर मी गार म्हणाले असते. पण हे आता याला सांगून उपयोग नाही, रोज सकाळी चहा करून आणतो, तो बंद होईल. तुम्ही गणित तपासायला येऊ नका, तिघं जण तपासतात. तसेच या. मी अजून तीन आठवडे इथे आहे, आणि तिथे एकट्याने तुम्ही काय जेवता ते मला शेजारणीने कळवलं आहे."

(शब्दशः लिहिलं आहे. चहा चालू आहे.)